ब गटातल्या बायका

"बाई, एवढं शेवटचं पान राहिलंय," केतकी डॉक्टर म्हणाली आणि हाताने लिहिलेला कागद तिने माझ्या मशीनशेजारी ठेवला. "उद्या अकराला आगाशे सरांपुढे ठेवायचंय. होईल ना?"

"न व्हायला काय झालं? पाच मिनिटांचं काम," मी म्हटलं आणि कोरा कागद रोलरवर चढवला.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. साताऱ्यात तेव्हा माझा टायपिंगचा क्लास होता. अकरा मशीनं, सकाळ-संध्याकाळ बॅचेस, आणि मी एकटी सगळ्यांवर खेकसायला. एखाद्याने खाली बघून टाइप केलं की मी लांबूनच ओरडायची. शिकवायची मला फार हौस, म्हणजे कुणाला काही येत नसलं की माझ्या अंगाला खाजच सुटते. ही हौस नसती तर मला हे काही लिहावं लागलं नसतं.

केतकी सबनीस पुण्याहून आमच्या गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात, थोरल्या आगाशे डॉक्टरांच्या हाताखाली आली होती. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. तिचा अहवाल इंग्रजीत होता, मी दोन दिवस तो टाइप करत होते. कुणाचा अहवाल, तर आम्हा बायकांचाच. आमवात झालेल्या आम्ही चव्वेचाळीस जणी होतो.

मी शेवटचं पान वाचलं आणि माझी बोटं तिथल्या तिथे थांबली.

दोन्ही गटांच्या मुठीच्या ताकदीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, सबब या व्यायामाची शिफारस करता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"हे काय लिहिलंय हो तुम्ही?"

"जे मोजलं ते लिहिलं."

"अहो, पण माझे हात बघा! वर्षापूर्वी मला कपाचा कान धरता येत नव्हता. आता दिवसाला चाळीस पानं बडवते मी!"

"तुमचे सुधारले, बाई. पण ज्यांना व्यायाम दिलाच नव्हता त्या ब गटातल्या बायकांचेही तितकेच सुधारले." तिचे डोळे लाल होते, झोप झालेली दिसत नव्हती. "म्हणजे गुण औषधाचा. व्यायामाने काही झालं नाही. त्या मंजुळाबाई कासार तर मुठीच्या ताकदीत नऊ किलोवरून सतरावर गेल्या. मी तीनदा मोजायला लावलं. मला काही उमगतच नाही."

मला उमगलं होतं. 

"आणि मग व्यायामाची खोली?" मी विचारलं.

"ती सोनोग्राफीला द्यायची म्हणतायत. आगाशे सर पहिल्यापासून म्हणतच होते, की सुजलेल्या सांध्याला आराम द्यावा, त्याला कामाला लावू नये. त्यांना उद्या हे पान मिळालं की संपलं." तिने पिशवी उचलली. "मी निघते. सकाळी घेऊन याल ना तिकडेच?"

"येते," मी म्हटलं. ती गेली आणि मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसले. माझ्या हाताने मला ते वाक्य टाइप करवेना.

आता मागचं सांगते, म्हणजे मी काय घोळ घातला होता ते कळेल.

मला आमवात झाला तेव्हा आगाशे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीनला हात लावू नका, पडून राहा. मी दोन वर्षं पडून राहिले. सूज थोडी कमी झाली, पण हात असे वाळले की लुगड्याची गाठ मारायला मला नवऱ्याला हाक मारावी लागे. मग केतकी आली. ती म्हणायची, बाहेरच्या देशांत आता उलटं लिहून यायला लागलंय. औषधाने सूज आटोक्यात असेल तर बेताबेताने वजन घेऊन व्यायाम करावा, सांधा बिघडत नाही, उलट भोवतालचे स्नायू त्याला सांभाळतात. "पण त्या बायका वेगळ्या," ती म्हणायची. "आपल्याकडच्या उकिडवं बसून भाकरी थापणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या बायकांवर हे कुणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही. आपण मोजू."

मग दिवाळीनंतर चिठ्ठ्या टाकल्या. अ गटातल्या बावीस जणींनी मंगळवारी आणि शुक्रवारी त्या खोलीत यायचं. रबरी पट्टा ताणायचा, मातीचा गोळा आवळायचा, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. ब गटातल्या बावीस जणींना तेच औषध, तीच तपासणी, पण व्यायाम नाही. चोवीस आठवड्यांनी दोन्ही गट मोजायचे. एका गटाने दुसऱ्याला व्यायाम दाखवायचा नाही, असं केतकीने आम्हाला चार वेळा बजावलं होतं. आम्ही सह्याही केल्या होत्या.

माझी चिठ्ठी अ ची निघाली. दोन महिन्यांत माझ्या मुठीत जीव आला. आणि दर मंगळवारी तपासणीच्या बाकावर मंजुळा माझ्या शेजारी बसायची. आमच्या साताऱ्यातल्या सदाशिव पेठेत तिचं बांगड्यांचं दुकान. कासाराचं सगळं कसब बोटांत असतं. गिऱ्हाइकाचा हात चोळून, दाबून, अंगठा आत मोडून काचेची बांगडी न फुटू देता वर चढवायची. मंजुळाची बोटं सोललेल्या आल्यासारखी झाली होती. ती बांगडी चढवायला जायची आणि काच फुटायची. बायका दुसऱ्या दुकानात जायला लागल्या होत्या.

"बाई, तुमचं बरं झालं," ती एकदा म्हणाली. "आमची चिठ्ठीच फुटकी."

झालं! माझं डोकंच फिरलं. हा कसला न्याय? माझ्याजवळ आहे ते हिला का नाही? मी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं आणि त्याला फक्त दुखऱ्या सांध्यांच्या बायका बोलावल्या. त्यांत विधवा होत्या, सवाष्णी होत्या. आमवात भेद करत नाही, मग मी कशाला करू? आणि वाण काय दिलं असेल मी? पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूबा आणल्या, धुतल्या, हातभर लांबीचे पट्टे कापले, आणि तिळगुळाबरोबर एकेकीच्या ओटीत घातले. नवरा म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" बायका आधी खो खो हसल्या. मग मी पदर खोचला आणि शिकवायला लागले.

पुढे रोज चार ते पाच, मशीनं बाजूला सारून, माझ्या क्लासात पंधरा जणी यायच्या. सगळ्या ब गटातल्या. "एक, दोन, सोडा! मंजुळे, खांदा खाली!" अ गटातल्या बायका हॉस्पिटलात निम्म्या वेळा दांडी मारायच्या. माझ्याकडे दांडी मारायची कुणाची टाप नव्हती. आणि दवाखान्यात विचारलं तर काय सांगायचं, तेही मीच शिकवलं होतं. काही करत नाही म्हणायचं.

खरं सांगते, त्या चार महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही की मी काही वाईट करतेय. उलट मी स्वतःवर भलती खूश होते.

तर केतकी ते शेवटचं पान देऊन गेली, त्या दिवशी संध्याकाळी मी तडक मंजुळाच्या दुकानात गेले. एका मुलीच्या हातात ती हिरवा चुडा भरत होती, सराईतपणे, गप्पा मारत. ती मुलगी जाईपर्यंत मी थांबले. मग शेवटच्या पानावरचं सगळं तिला सांगितलं.

"मग आता वो?" तिने विचारलं.

"उद्या मी खरं सांगणार. आपण चोरून व्यायाम केला म्हणून फरक दिसला नाही, हे त्यांना कळायला पाहिजे. नाहीतर खोली बंद होईल."

तिचा चेहरा पांढरा पडला. "बाई, पाया पडते तुमच्या, असलं काय करू नगा. म्या सही केलीया. खोटं बोलले म्हणून गोळ्या बंद करतील माझ्या. इकत घ्यायची ऐपत हाय व्हय माझी?"

"नाही करणार गं. केतकी डॉक्टर तशी नाही."

"डॉक्टरीण न्हाई, पर त्यो थोरला? त्यो करंल. तुमचं काय, तुम्ही शिकलेल्या. तुमास्नी खुर्ची देतील बसायला. मला भाईर काढतील."

"मंजुळे, अगं ती पोरगी उद्या लिहून देणार आहे की व्यायामाने काही होत नाही! तुझे हात बघ आणि सांग, हे खरं आहे?"

"माझ्या हातांचं मला ठावं हाय. लिहिणाऱ्यानं काय बी लिहू दे." तिने बांगड्यांचा तोडा धागा आवळून बांधला, फळीवर ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमचं तुम्ही सांगा. माझं नाव घेतलंत, तर परत ह्या दुकानाची पायरी चढायची न्हाई. हात धरून सांगते."

आणि तिने खरंच माझा हात धरला. काय ती पकड! माझं मनगट कळवळलं.

"नाही घेत नाव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी आगाशे डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते टेबलामागे, केतकी समोर. आगाशे साठीचे, स्वच्छ, कडक, कधी आवाज न चढवणारे. त्यांना मी मनातून घाबरायची.

"खटावकर बाई, अहवाल ठेवा आणि या तुम्ही," ते म्हणाले.

मी ठेवला. त्यांनी थेट शेवटचं पान उलटलं. "हे कोरं आहे."

"हो."

"बाई, राहिलं का तुमचं?" केतकी गोंधळली. "मी सांगते सर, त्यात—"

"राहिलं नाही. मी ते केलं नाही. त्यात लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हणून टाकलं.  "ब गटातल्या बायकांनी व्यायाम केलाय. माझ्या क्लासात. संक्रांतीपासून रोज एक तास. मी शिकवला."

 केतकी माझ्याकडे बघत होती, पण तिला अजून नीट कळलं नव्हतं.

"किती जणी?" आगाशे.

"पंधरा."

"बावीसपैकी पंधरा!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "नावं सांगा."

"नावं कशाला? चूक माझी आहे. मला काय ते बोला."

"बाई, तुम्ही आज येऊन म्हणता की व्यायाम केला. सहा महिने त्या बायका म्हणतायत की नाही केला. मी कुणाचं खरं मानू? ही खोली तुम्हाला हवी आहे. तुमचा जीव आहे या डॉक्टरांवर. तुम्ही त्यांना वाचवायला हे रचून सांगत नाही कशावरून?"

"रचून?" माझा पारा चढला. "अहो, मी शिक्षिका आहे!"

"नावं नसतील तर हे पान मी दुसरीकडून टाइप करून घेईन," ते शांतपणे म्हणाले. "नावं असतील तर एकेकीला बोलावून विचारेन. तिसरा मार्ग नाही."

मी केतकीकडे बघितलं. तिला आता कळलं होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"त्यांच्या गोळ्या बंद होणार नाहीत ना?" मी विचारलं.

"गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. रुग्ण आहेत त्या. मी कसाई आहे का?"

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. पण मंजुळाला मी शब्द दिला होता. मी एकेक नाव घेत गेले. चौदा नावं झाली. तिथे थांबावं असं फार वाटलं. पण नऊवरून सतरावर गेलेली तीच एक होती, केतकीने तिलाच तीनदा मोजलं होतं, आणि तिचं नाव वगळलं असतं तर आगाशेंनी तिच्याच आकड्यावर बोट ठेवलं असतं.

"आणि मंजुळा कासार," मी म्हटलं.

आगाशेंनी ती नावं आकड्यांच्या तक्त्याशी ताडून बघितली; ब गटात सगळ्यांत जास्त सुधारलेल्या त्याच पंधरा जणी होत्या. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. "डॉक्टर सबनीस, हा अहवाल मी ट्रस्टींपुढे ठेवत नाही. तुमच्या बाजूचा असता तरी ठेवला नसता, आणि माझ्या बाजूचा आहे म्हणूनही ठेवणार नाही. नासला तो. एक वर्ष देतो. नव्या बायका घ्या, पहिल्यापासून करा. आणि या बाईंना त्यांच्या गोळ्यांपुरतं सोडलं तर हॉस्पिटलच्या पायरीवर उभं करू नका." ते राउंडला निघून गेले.

मला वाटलं, सुटले. खोली वाचली! मी केतकीजवळ गेले. "चला, वर्ष तर मिळालं. आणि तुमचा व्यायाम खरा ठरलाच की. पंधरा बायका बऱ्या झाल्या, आणखी काय पाहिजे?"

"बाई, गप्प बसा," ती म्हणाली.

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. 

"तुम्हाला अजून कळलेलंच नाही तुम्ही काय केलंत. त्या पंधरा जणींचं भलं केलंत, मान्य. पण ब गट थांबला होता तो कुणासाठी? मला काय त्या बायकांना दुखत ठेवण्याची हौस होती? पाटणला, जावळीत, पार तिकडे गडचिरोलीत कुठल्यातरी बाईचे हात सुजतील. तिथला डॉक्टर तिला म्हणेल, पडून राहा. त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे एक कागद हवा होता. ती बाई तुमच्या हळदीकुंकवाला येणार आहे का?"

मी टेबलावरचं ते कोरं पान उचलून हातात घेतलं.

"आणि वर त्यांना खोटं बोलायला शिकवलंत. कुणाचा सांधा बिघडला असता तरी मला कळलं नसतं! तुम्हाला वाटत होतं ना हे अन्यायाचं आहे? मग मला येऊन सांगायचं. भांडायचं माझ्याशी. तुम्ही तर कुणाशीही भांडता." इतकं बोलून ती रडायला लागली. मीही रडले. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती त्या पोरीने वाटायला लावली जिच्यावर मी लेकीसारखी माया करत होते.

मंजुळाने तिचा शब्द पाळला. तिच्या गोळ्या चालू राहिल्या, कुणी तिला बाहेर काढलं नाही, पण त्या दुकानाची पायरी मी परत चढले नाही. रस्त्यात दिसली की ती पदर सारखा करून पुढे जायची.

दिवाळीनंतर केतकीने नवा अभ्यास सुरू केला. नव्या अठ्ठेचाळीस बायका, नव्या चिठ्ठ्या. एक दिवस ती माझ्या क्लासात आली आणि म्हणाली, "आगाशे सरांची परवानगी काढलीय. ब गटाला सांभाळायला कुणीतरी लागेल. त्यांच्याजवळ बसायचं, का थांबायचं ते समजावायचं, वेळा द्यायच्या. तुम्ही याल?"

"मी?" मला वाटलं चेष्टा करतेय. "मला तर पायरीवरसुद्धा उभं करायचं नव्हतं."

"तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही ते."

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात ब गटातली शबाना मुलाणी तपासणीला आली. वय चोवीस. बाळंतपणानंतर दुखणं सुरू झालेलं. बरोबर सासू, आणि सासूच्या कडेवर सात महिन्यांचा गुटगुटीत मुलगा. सासू केसपेपर आणायला गेली तेव्हा तिने बाळाला बाकावर शबानाशेजारी बसवलं. बाळाने आईकडे हात केले. शबानाने त्याच्या काखेत हात घातले, ओठ दाबले, उचलायला गेली, आणि जमलं नाही. बाळ रडायला लागलं. मी उठून त्याला घेतलं. सहज घेतलं. माझ्या हातांना काही झालं नाही.

शबानाने ते बघितलं.

"मावशी, तुम्हाला पण हेच होतं ना?" तिने हळूच विचारलं. "ते आतल्या खोलीत काय करतात ते मला दाखवा की. एकच दाखवा. कुणाला सांगणार नाही, अल्लाची शपथ."

मला तिला काय द्यायला हवं ते अगदी नेमकं ठाऊक होतं. मातीच्या गोळ्याने सुरुवात करायची, मग मनगट, मग पट्टा. दहा आठवड्यांत तिने ते पोर उचललं असतं. आतल्या खोलीतून केतकीचं मोजणं ऐकू येत होतं.

"नाही दाखवता येणार," मी म्हटलं. "चोवीस आठवडे झाले की पहिली तुला शिकवेन. तोवर नाही. का ते सांगते, ऐक." आणि मी सांगायला लागले, पाटणच्या बाईचं, जावळीच्या बाईचं, केतकीने मला सांगितलं तसं सगळं. 

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग बाळाकडे बघत म्हणाली, "तवर हा चालायला लागेल, मावशी. मग कशाला उचलून घेईल कुणी?"

सासू केसपेपर घेऊन आली. मी बाळ तिच्या कडेवर दिलं आणि शबानाला पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.